तोफ झाल्यानंतरची रात्र

२०१३ साली अमेरिकेत ‘द पर्ज’ नावाचा एक चित्रपट निघाला. वर्षातून एका रात्री, सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत, खुनासुद्धा सारे गुन्हे सरकारमान्य व्हावेत, फक्त बड्या अंमलदारांच्या केसाला धक्का लागू नये, अशी त्यातील कल्पना. भुकूमच्या आमच्या घरी, पौड रस्त्यावरील मालमोटारींची घरघर विरळ झाल्यावर, नातवंडांनी तो मला दाखविला. मुले भ्यायली, मला मात्र घाशीराम आठवला.

पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांच्या कारकिर्दीत घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात आढळलेल्या इसमास चौकीत डांबावे आणि सकाळी कोतवालाच्या हुकुमाने सोडावे, असा त्या काळचा दस्तूर. खुद्द पेशव्यांनाही एकदा अशी रात्र अटकेत काढावी लागली, असे मराठ्यांच्या चाकरीतील टोन नावाच्या गोऱ्या अंमलदाराने लिहून ठेवले आहे. आंबेमोहोराची पोती घेऊन निघालेला आमच्या मुळशीचा गाडीवान उशीर झाला तर शहराबाहेर भांबुर्ड्यासच बैल सोडून उजाडेपर्यंत बसून राहत असेल, असे आपले मला वाटते.

१७९१ च्या ऑगस्टअखेर तीस-पस्तीस तेलंगी ब्राह्मण अशाच एका चौकीच्या अरुंद कोठडीत कोंडले गेले, आणि सरदार मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडविले तोवर बहुतेकांचे प्राण गुदमरून गेले होते. एकंदर एकवीस दगावले. हुकूम होता, चौकी होती, कुलूपही सरकारी होते. तेव्हा त्या रात्री दप्तरापुरता गुन्हा घडलाच नव्हता. पुढे क्षुब्ध जमाव नानांच्या दाराशी आला, आणि ३१ ऑगस्टला कोतवालास त्याच्या स्वाधीन करण्यात येऊन, धिंड काढून, भर दिवसा दगडांनी ठेचण्यात आले. त्यालाही सरकारची संमती होतीच. (विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाने हे नाव घरोघरी नेले खरे, पण नाटकातील घाशीराम इतिहासातला म्हणून घेऊ नये.) चित्रपटात कायदा एका रात्रीपुरता रजेवर जातो, पुण्यात तो त्या रात्रीही कामावर होता आणि त्या दिवशीही.

हे सांगत असता धाकट्या नातीने विचारले, “आतल्या लोकांनी हाका मारल्या नसतील का?” मारल्या असतीलच, मी म्हणालो, पण दाराबाहेर ऐकायला उभा होता तो चौकीचाच पहारेकरी.