मुसके की मुखपट्टी?



मळणीच्या वेळी बैलाने कणसांत तोंड घालू नये म्हणून आपण त्याला मुसके बांधतो. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि माणसांनीही नाकातोंडावर पट्टी बांधावी असा हुकूम निघाला, तेव्हा हेच मुसके पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आले. ‘आम्ही काय बैल आहोत, तोंड बांधून हिंडायला?’ असे पारावर बसून विचारणारी माणसे तुम्हांला भेटली असतील. कदाचित तुम्हीच तसे विचारले असेल! त्यात रागावण्याजोगे काही नाही. प्रश्न रास्त होता. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रात मुखपट्टीची सक्ती उठली. आता डोके शांत ठेवून त्याचे उत्तर शोधायला हरकत नाही.

हा वाद नवा नाही, बरे का. १९१० च्या अखेरीस चीनच्या उत्तरेकडे, मांचुरियात, एक भयंकर साथ उसळली. हार्बिन शहरी वू लिएन-तेह नावाचे तरुण डॉक्टर तपासाला आले. त्यांनी शवविच्छेदन करून निदान केले की हा प्लेगच आहे, पण फुप्फुसाचा. उंदीर-पिसवांची वाट न पाहता तो रोग्याच्या खोकल्यातून सरळ दुसऱ्या माणसाला लागतो. म्हणून त्यांनी जाळीदार कापडात कापसाचा थर घालून पट्ट्या करविल्या आणि सर्वांना बांधायला लावल्या. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे पटले नाही. एका अर्थी त्यांचेही बरोबर होते. १८९६-९७ सालचा आपला मुंबई-पुण्याचा प्लेग उंदीर-पिसवांचाच होता, आणि जगातले बहुतेक वैद्य प्लेग म्हणजे तोच असे समजत. मेस्नी पट्टी न बांधता रोग्यांना तपासायला गेले. ११ जानेवारी १९११ रोजी ते त्याच रोगाने वारले. त्या साथीत सुमारे साठ हजार माणसे दगावली.

एवढे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, ‘झाले तर! पट्टीची बाजू जिंकली.’ थांबा. गोष्ट इतकी सरळ नाही.

१९१८ साली इन्फ्लुएंझा जगभर पसरला. अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को शहरात ऑक्टोबरमध्ये सर्वांना मुखपट्टी सक्तीची झाली. न बांधणाऱ्याला दंड, प्रसंगी कोठडी. पट्टी बांधायला नकार देणाऱ्या एका लोहारावर तर आरोग्य खात्याच्या निरीक्षकाने भर रस्त्यात गोळी झाडली. आणि खुद्द महापौर मुष्टियुद्धाचा सामना पाहताना उघड्या तोंडाने सापडले, तेव्हा त्यांनाही दंड भरावा लागला! २१ नोव्हेंबरला भर दुपारी भोंगा वाजला, लोकांनी पट्ट्या काढून रस्त्यावर फेकल्या. जानेवारीत साथ पुन्हा वाढली आणि हुकूमही पुन्हा निघाला. तेव्हा लोकांनी मुखपट्टीविरोधी संघ काढला, सभा भरवली. १ फेब्रुवारी १९१९ ला हुकूम मागे घ्यावा लागला.

पुढे कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य मंडळातील केलॉग यांनी प्रयोग केले, ते १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते असे : कापड विरळ असेल तर जंतू आरपार जातात; दाट केले तर श्वास कोंडतो आणि हवा कडेच्या फटींतून ये-जा करू लागते. म्हणजे सक्ती कडक होती, पण पट्टीच कच्ची होती.

मला वाटते, ह्या वादात दोन निराळे प्रश्न एकत्र कालवले जातात. पट्टीने रोग अडतो का, हा एक. आणि ती बांधायला लावण्याचा अधिकार कुणाला, हा दुसरा. दुसऱ्यावरचा राग पहिल्यावर काढला जातो, आणि पहिल्याचे अर्धे उत्तर हाती धरून दुसऱ्याची सक्ती केली जाते.

२०२० साली जाणत्यांनीही गोंधळ घातला, हे कबूल केले पाहिजे. आधी सांगितले, ‘निरोगी माणसाला पट्टीची गरज नाही.’ दवाखान्यांतच पट्ट्या पुरत नव्हत्या, हे त्यामागचे एक कारण. एप्रिलमध्ये आपल्या सरकारने घरी शिवलेली पट्टी वापरा म्हटले, आणि ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपला सल्ला बदलला. ज्याला अजून ताप-खोकला नाही असा माणूसही रोग पसरवतो, हे तोवर पुढे आले होते. मत बदलले ह्यात दोष नाही. आधी ‘आम्हांला अजून पुरते ठाऊक नाही’ असे म्हणायचे धैर्य दाखवले नाही, दोष तिथे आहे. लोकांचा विश्वास तिथेच उडाला.

मग खरे काय? ह्याचा खेड्यांतच घेतलेला एक मोठा पडताळा आहे. बांगलादेशात २०२०-२१ साली सहाशे खेडी निवडली. निम्म्या गावांत पट्ट्या फुकट वाटल्या, बांधायच्या कशा हे दाखवले, बाजारात आणि मशिदीपाशी माणसे उभी करून गोडीने आठवण दिली. दंड कुणाला नाही. उरलेल्या गावांत शंभरांत तेरा माणसे नीट पट्टी बांधत; ह्या गावांत बेचाळीस बांधू लागली. जिथे दवाखान्यातली निळी पट्टी दिली, तिथे लक्षणांसह होणारा आजार शंभरी अकराने घटला. साठीच्या पुढच्या माणसांत शंभरी पस्तीसने. कापडी पट्टीचा मात्र स्पष्ट फायदा दिसला नाही. २०२३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांना तर ठाम असा फरक सापडला नाही. तेव्हा पट्टी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पण घरात सत्तरीची आई असेल, तर शंभरांतले ते पस्तीस मी तरी सोडणार नाही.

बैलाला मुसके दुसरा बांधतो, आणि बांधतो ते आपल्या धान्यासाठी. बांगलादेशातल्या त्या गावकऱ्यांनी पट्टी स्वतः बांधली, आणि तिचा लाभ अधिक झाला तो घरातल्या म्हाताऱ्यांना.

शिक्षक मित्रांनो, पुढे कधी साथ आली तर लोक शहरातल्या डॉक्टरला विचारण्याआधी तुम्हांला विचारतील. तेव्हा एक सोपी परीक्षा दाखवा. चष्मा लावणाऱ्या कुणालाही पट्टी बांधून श्वास सोडायला सांगा. काचेवर वाफ धरली, तर नाकापाशी फट राहिली आहे. वरची तार बोटांनी नाकावर दाबून बसवा, गालांकडच्या कडा नीट करा, आणि पुन्हा श्वास सोडायला सांगा.