वेगळा कप



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. घरचीच एक गोष्ट सांगते.

आमच्या नौपाड्याच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई महाडच्या चवदार तळ्याचे गाणे गुणगुणत. "कुठे शिकलात?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "आजीकडून, वहिनी. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं जलशात ऐकलं."

मग मी वाचनालयातून पुस्तक आणले. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले. त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग असे. २० मार्च १९२७ रोजी ते चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले. आपली बाजू आपल्याच पत्रात मांडायला हवी होती. पण ज्यांच्यासाठी पत्र, त्यांतल्या बहुतेकांना वाचता कुठे येत होते? त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गेले. छापलेले थांबले तेथून गाणे पुढे गेले. तळ्याचा हक्क हायकोर्टाने १९३७ साली मान्य केला.

वाचता वाचता माझी मान खाली गेली. त्याच बाईंचा चहाचा कप माझ्या घरी खिडकीत वेगळा होता! सासूबाईंनी ठेवला, मी तसाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आमच्या कपांत मिसळला. बाई काही बोलल्या नाहीत; पण त्या दिवशी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून चहा घेतला.

भगिनींनो, आपणही भजनात तुकोबा गातो. घरी गेल्यावर आपापल्या खिडकीत एकदा पाहाल ना?