दुसऱ्याचं जनावर, आपलं पोर



आजचा विषय इथे ब्रिटनमधल्याच एका आईच्या प्रश्नातून आला, असं इथल्या मंडळाने मला कळवलं. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला शेजाऱ्यांची कुत्री फिरवण्याचा धंदा काढायचा आहे. तो तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

मी आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. नोकरी सगळी गुरांच्या दवाखान्यात गेली. आमच्याकडे कुत्र्याला कुणी फिरवायला नेत नाही. ते मळ्यात राखण करतं, आपलं आपण फिरतं, आणि अंधार पडला की शहाणा माणूस त्याला आत घेतो, ते बिबट्याच्या भीतीने. डिंभे, माणिकडोह, येडगाव ही धरणं झाली, कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्या उसात बिबटे राहू लागले, त्यांना तिथेच पिलं होऊ लागली. आमच्या शेजारच्या जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तेव्हा सगळ्यांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचाच निघाला.

पण मोबदला घेऊन दुसऱ्याचं जनावर सांभाळणारं पोर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो गुराखी. सकाळी घरोघरची गुरं गोळा करायची, डोंगराकडे चारायला न्यायची आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याच्या दावणीला आणून बांधायची. मोबदला आधी धान्यात मिळे, पुढे पैशात. तुमच्या मुलाच्या मनात आहे ते काम हेच आहे.

या गुराख्याचं मी कौतुक करणार आहे, पण एक सांगून. अशी बहुतेक पोरं हौसेने गुरांमागे गेली नव्हती. शाळा सुटली ती सुटलीच. आमचं गाव तुम्हाला बाबू गेनू सैद यांच्यामुळे माहीत असेल. 1908 साली गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस मुंबईत गिरणी कामगार झाला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. वय बावीस. त्यांच्यासारखी कितीतरी पोरं आमच्या भागातून पोटासाठी मुंबईला गेली. 2016 च्या दुरुस्तीनंतर भारतातल्या बालकामगार कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी केली आहे. घरच्या कामाला हातभार लावायचा तोही शाळा सांभाळून. हा कायदा मला मनापासून पटतो. तुमच्या मुलाला कमवायची गरज नाही, हे त्याचं भाग्य आहे. त्यामुळे हे काम त्याला कधीही थांबवता आलं पाहिजे, ही पहिली अट.

आता तयारीचं. गावात कुणी पोराच्या हाती एकदम कळप देत नसे. आधी शेणगोठा, मग पाणी पाजणं. मग घरचीच एक गरीब गाय बांधावर चारायची. मग मोठ्या गुराख्याबरोबर जायचं. बैलाचा कासरा हाती यायला वर्षं जात, आणि मारकं जनावर पोराच्या वाट्याला येतच नसे. तुमच्या मुलाने स्वतःच्या घरी किंवा मावशीकडे एखादं कुत्रं पावसात, परीक्षेत, कंटाळा आलेला असताना महिनाभर सांभाळलं आहे का? नसेल तर धंद्याची गोष्ट पुढे ढकला. असेल तर एक कुत्रं घेऊ द्या. ओळखीचं, आणि त्याने जोराचा हिसका दिला तरी मुलाला आवरेल एवढंच. दोन कुत्री एकदम नकोत.

दुसरी गोष्ट भरपाईची. गुराख्याचा डोळा लागला आणि गाय दुसऱ्याच्या पिकात शिरली, तर ती कोंडवाड्यात जाई आणि दंड भरल्याशिवाय सुटत नसे. कोंडवाड्याचा तो कायदा इंग्रजांनी 1871 साली केलेला. तुमच्या इथला 1953 चा कायदाही त्याच जातीचा आहे: कुत्रं शेतकऱ्याच्या मेंढ्यांच्या मागे लागलं तर मालक दोषी, आणि त्या वेळी ते ज्याच्या ताब्यात होतं तोही. कुत्रं सार्वजनिक जागी माणसावर धावून गेलं तरी, 1991 च्या कायद्याने, साखळी धरणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. एक्सएल बुली जातीचं कुत्रं तर सोळा वर्षांखालच्या मुलाने बाहेर न्यायचंच नाही. तेव्हा मालकाच्या विम्यात काय काय येतं, हे आधी विचारा. हे विचारणं आईवडिलांचं काम, मुलाचं नव्हे.

पण मला ज्यासाठी उभं राहायचं होतं ते पुढे आहे.

कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली ज्वारी जनावराने खाल्ली की विषबाधा होते. हिरव्या ताटातून पोटात सायनाइड सुटतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं, आणि कधीकधी अर्ध्या तासात संपतं. वेळेत इंजेक्शन मिळालं तर मात्र डोळ्यांदेखत उठून उभं राहतं. पण काय खाल्लं, हे डॉक्टरला कळायला हवं. आणि ज्वारी खाल्ली म्हणजे गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली, म्हणजे पोराचं लक्ष नव्हतं. दवाखान्याच्या दारात जनावर तडफडत असताना मी विचारायचो, "काय खाल्लं रे?" एखादा पोरगा रडत का होईना, चटकन सांगायचा: डॉक्टर, ज्वारीत घुसली होती, मी झोपलो होतो. दुसरा शेजारी उभ्या बापाकडे बघायचा आणि म्हणायचा, काही नाही, गवतच खाल्लं. त्या दुसऱ्या पोरावर मला कधी राग आला नाही. बापाचा हात किती लवकर उठतो, हे त्याला माहीत होतं.

माझ्या लेखी तयारीची खरी परीक्षा हीच. कुत्र्यावर प्रेम सगळ्याच पोरांचं असतं. चूक झाली की जो ती त्याच घटकेला येऊन सांगेल, तो मुलगा तयार. बागेत कुणाच्या तरी पिशवीतलं चॉकलेट कुत्र्याने खाल्लं, मनुके खाल्ले. दोन्ही त्याला विषारी आहेत आणि उलटी करवायची संधी सहसा पहिल्या दोनेक तासांत असते. मुलगा घाबरून गप्प बसला तर ती संधी गेली. आणि मुलगा गप्प बसतो की बोलतो, हे तुमच्या घरात आजवर काय घडलं त्यावर ठरतं. परीक्षेतले कमी गुण तो दडवतो का? कप फुटला तर तुकडे लपवतो का? असं होत असेल तर मुलाच्या आधी घराला तयार व्हावं लागेल, आणि ते काम बोलून, ऐकून, हळूहळूच होतं.

हे मी एवढ्या कळकळीने सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे. इथे तुमच्याकडे कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, भारतात आहे. इथे कुत्र्यांत रमलेलं मूल सुट्टीत गावी येतं आणि आमच्या मंचरसारख्या एखाद्या बाजारात दिसेल त्या कुत्र्याला हात लावायला जातं. ओरखडा निघाला, दात लागला आणि रागावतील म्हणून त्याने लपवलं, तर एकदा लक्षणं दिसल्यावर आम्हा कुणाच्या हातात काही उरत नाही. सांगितलं तर उपाय सोपा आहे: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. लशीची एकही मात्रा चुकवायची नाही. गावी निघण्याआधी मुलांना हे सांगाच, आणि काहीही झालं तरी ओरडणार नाही, असा शब्दही द्या.

राहिला पैशाचा प्रश्न. पैसे घेऊ द्या. मोबदला ठरला की आज कंटाळा आलाय म्हणायची सोय राहत नाही, आणि ते चौदाव्या वर्षी शिकायला हरकत नाही. दर त्यालाच ठरवू द्या, हिशेबाची वही त्यालाच लिहू द्या. पहिले काही आठवडे मात्र तुमच्यापैकी एकाने सोबत चालत जा. पुढे नको, वीस पावलं मागून. कुत्र्याने साखळी ताणली की मुलगा त्याला ओढतो की थांबतो, समोरून दुसरं कुत्रं आलं की रस्ता बदलतो का, फोन खिशात राहतो का, हे मागूनच नीट दिसतं. आणि एखाद्या मालकाने दांडगं कुत्रं पुढे केलं, तर "काका, हे मला नाही जमणार" असं त्याला स्वतःला म्हणू द्या. ते वाक्य त्याच्या तोंडून आलं की तुम्ही घरी थांबायला हरकत नाही.