मोठ्या अक्षरांची सोय

आजचा माझा विषय संगणकाशी निगडित आहे. पण मी संगणकाचा जाणकार नव्हे. आयुष्य शाळेत गेले, मुलांच्या वह्या तपासण्यात गेले. मी राहतो सावरगावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात जी गोटमार होते, तीत पांढुर्ण्याच्या समोर उभे राहणारे सावरगाव ते हेच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आमच्यापासून वेगळ्या राज्यात गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसरही त्यातच आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, अशी आमची रीत आहे. वर्तमानपत्र नागपूरचे, सरकारी कागद भोपाळच्या भाषेतला. पण लिपी दोहोंची एकच. त्यामुळे अक्षर दिसेनासे झाले म्हणजे आमच्या दोन्ही भाषा एकदमच दिसेनाशा होतात.

हा प्रसंग माझ्यावर आला तो असा. शेताच्या कागदांसंबंधी एक अर्ज संगणकावरून भरायचा होता. पलीकडे महाराष्ट्रात ज्याला गट क्रमांक म्हणतात, त्या जागी आमच्याकडे खसरा क्रमांक असतो. अर्ज भरून देणारा तरुण एके काळचा माझाच विद्यार्थी. सर्व रकाने भरून झाल्यावर त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "गुरुजी, एकदा पाहून घ्या, बरोबर आहे ना?" मी चष्मा सरसावला, मान पुढे केली, क्षणभर पाहिल्यासारखे केले आणि म्हणालो, "हो, बरोबर आहे." वस्तुतः मला तेथे करड्या रंगाच्या मुंग्यांची रांग दिसत होती. क्रमांकात इंग्रजी आठाच्या जागी इंग्रजी तीन पडला होता. दोहोंत भेद काय तो डाव्या बाजूचा. एकाची ती बाजू बंद, दुसऱ्याची उघडी. तेवढ्या भेदापायी अर्ज परत आला आणि नदीचा पूल ओलांडून मला पाच खेपा घालाव्या लागल्या.

दोष त्या मुलाचा मी मानीत नाही. त्याने विचारले होते. मुलांच्या वहीत अनुस्वार राहिला तर लाल शाई ओढणाऱ्या माणसाला 'मला दिसत नाही' हे तीन शब्द उच्चारण्याची लाज वाटली, हे खरे कारण. आणि माझी अशी समजूत आहे की ही लाज मला एकट्यालाच वाटत नाही. कितीतरी वडीलधारी मंडळी आज न वाचताच 'बरोबर आहे' म्हणतात, न वाचताच अंगठ्याचा ठसा उमटवतात, मोबाईलवर आलेला बँकेचा गुप्त अंक शेजारच्या कोणालाही वाचायला देतात. साक्षर माणूस या रीतीने म्हातारपणी पुन्हा निरक्षर होतो. आणि त्याला फसवणे सोपे होते.

ही लाज आली कोठून, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या वाडवडिलांना ती नव्हती. जुनी हस्तलिखित पोथी आठवा. लांबट सुटी पाने, चौरंगावर ठेवलेली. वाचणारा मांडी घालून हातभर अंतरावर बसलेला. आणि अक्षर कसे, तर टपोरे. पुढे छापखाने आले. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या देवनागरी टाइपाचा लौकिक देशभर झाला. तेव्हापासून आजपर्यंत पोथ्यांच्या दुकानात गेले की दुकानदार विचारतो, बारीक टाइपातली देऊ की मोठ्या? आजीसाठी मोठ्या टाइपातील गुरुचरित्र आणताना घरातल्या कोणाला कमीपणा वाटल्याचे मला स्मरत नाही. छापणाराने वाचणाराच्या डोळ्यांची काळजी वाहायची, हा संकेतच होता. संगणक आला तेव्हा ही काळजी वाहण्याचे काम छापणाराकडून वाचणाराकडे आले, एवढेच काय ते झाले. छापील पानावरचे अक्षर एकदा उमटले की उमटले. पडद्यावरचे अक्षर मात्र हुकमी आहे, ते वाढ म्हटले की वाढते. पण हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

आता थोडे डोळ्याविषयी. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो, तो हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली तयार केला. वैद्य कागदावर ६/१८ असे काही लिहून देतात. त्याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखता येते, ते ओळखायला या माणसाला ६ मीटरपर्यंत यावे लागते. म्हणजे त्याने तिपटीने जवळ तरी यावे, किंवा अक्षर तिपटीने मोठे तरी व्हावे. तिसरा मार्ग नाही. तरुण डोळा जवळ येऊ शकतो. पण चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते, जवळच्या वस्तूवर नजर ठरत नाही. म्हणून तर त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' असे नावच देऊन टाकले आहे. पडद्याला नाक लावून अशा माणसाचा उपयोग होत नाही. त्याला अक्षरच मोठे करून घेतले पाहिजे. आणि तेही कसेबसे ओळखू येण्याइतके मोठे करून भागत नाही. सुखाने वाचायचे तर त्याच्या निदान दुप्पट हवे. रस्त्यावरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचणे निराळे आणि अग्रलेख वाचणे निराळे.

आपल्या लिपीची याखेरीज एक निकड आहे, तिचा विचार इंग्रजी वाचणारे करीत नाहीत. इंग्रजी अक्षर बहुतांशी एका ओळीत चालते. आपले अक्षर तीन मजली आहे. मध्ये व्यंजन, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार व जोडाक्षराचा पाय. ठरलेल्या उंचीत हे तिन्ही मजले बसवायचे म्हणजे मधल्या मजल्याला जागा कमीच उरणार. म्हणून कागदोपत्री एकच आकार असला तरी देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान भासते. शिवाय 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक शिरोरेषेतल्या एका फटीवर अवलंबून. अक्षर बारीक झाले की ती फट बुजते, आणि धोंड्याचा घोंड्या होतो. र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी अक्षरकाराने घडवलेला 'मंगल' हा टाइप विंडोज २००० पासून संगणकांबरोबर मिळू लागला आणि कोट्यवधी लोकांनी पडद्यावर देवनागरी वाचली ती त्यातूनच. परंतु अक्षर कितीही निगुतीने घडवलेले असले तरी ते मोहरीएवढे करून दाखवले तर घडवणाराचा नाइलाज असतो. माझा अनुभव विचाराल तर इंग्रजी मजकूर शंभर टक्क्यांवर वाचणाराने मराठीसाठी सव्वाशे किंवा दीडशे टक्के धरावेत.

हे करायचे कसे? खेपा घालून झाल्यावर माझ्या नातीने मला ते दाखवले, आणि इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण इतके दिवस मान वाकडी केली याचा मला रागच आला. कळफलकावर डाव्या कोपऱ्यात 'कंट्रोल' नावाची कळ असते. ती दाबून धरायची आणि अधिकच्या चिन्हाची कळ एकेकदा दाबायची. ब्राउझरमध्ये उघडलेले पान प्रत्येक वेळी एक पायरी वाढते. शंभराचे एकशे दहा, मग एकशे पंचवीस, मग दीडशे. उण्याच्या चिन्हाने ते लहान होते आणि शून्याने पूर्ववत. एकदम दुप्पट करू नये. एकेक पायरी चढावी आणि जेथे कपाळाच्या आठ्या आपोआप सैल होतात तेथे थांबावे.

ही झाली एका पानाची गोष्ट. संपूर्ण संगणकावरचीच अक्षरे मोठी हवी असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या सदराखाली 'टेक्स्ट साइझ' नावाची सरकपट्टी आहे. ती शंभरापासून सव्वादोनशे टक्क्यांपर्यंत जाते. मोबाईलवर 'डिस्प्ले' या सदरात अशीच सोय असते. एक चूक मात्र पुष्कळ ठिकाणी दिसते. अक्षर मोठे व्हावे म्हणून दुकानदार पडद्याचे 'रिझोल्युशन' उतरवून देतात. त्याने अक्षर मोठे होते खरे, पण त्याच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या पसरतात. म्हणजे ज्याला आधीच धूसर दिसते त्याला आणखी धूसर दाखवायचे! ते करू देऊ नये.

अक्षर मोठे करण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला भेद ध्यानात घेतला नाही तर माणूस वैतागून सोय सोडून देतो. एक प्रकार भिंगाचा. भिंग पानावर धरले की अक्षर फुगते, पण ओळ भिंगाबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला भिंग उजवीकडे न्या, पुन्हा डावीकडे आणा. दुसरा प्रकार असा की अक्षर वाढले म्हणजे ओळीत शब्द कमी घ्यायचे आणि उरलेले खालच्या ओळीत उतरवायचे, जसे मोठ्या टाइपाच्या पोथीत पानेच वाढतात. वाचनाला हा दुसरा प्रकार उत्तम. सरळ टंकलेल्या मजकुराला तो मिळतो. पण कागदाचे छायाचित्र घेऊन चढवलेला दस्तऐवज असेल तर तेथे अक्षर नसतेच, अक्षराचे चित्र असते. त्याला भिंगावाचून गती नाही. सरकारी आदेशांचे असे फोटो चढवण्याची चाल बंद व्हावी असे मला मनापासून वाटते. दृष्टी मंद असलेल्यांची सोय ही काही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात ६/१८ हून कमी दृष्टीची दखल घेतलेली आहे. संकेतस्थळांविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही असे सांगितले आहे की, अक्षर दुप्पट केले तरी पानातला मजकूर आणि कामे बिघडता कामा नयेत. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर लहानमोठ्या 'अ'ची किंवा इंग्रजी 'ए'ची जी तीन चिन्हे दिसतात, ती याच सोयीची. मी ती कित्येक वर्षे शोभेची समजत होतो.

एक भीती पुष्कळांना असते की, आपण पडद्यावर अक्षर मोठे केले तर अर्ज बिघडेल, किंवा कागदावर ते तसेच राक्षसी उमटेल. तसे होत नाही. आपण पाहण्याचे प्रमाण बदलतो, मजकूर नव्हे. पत्र लिहिताना त्यातल्या टाइपाचाच आकार बदलला तर मात्र ते कागदावर बदलेल. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

आता सावधगिरीचे दोन शब्द. मोठे अक्षर हे औषध नाही. मोतीबिंदू पिकत असेल तर पायऱ्या चढत राहून काही होणार नाही, शस्त्रक्रियाच करून घेतली पाहिजे. आपल्या देशात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण अजूनही मोतीबिंदूच आहे, आणि बरे होण्याजोगे कारणही तेच. सरळ ओळ मध्येच वाकडी दिसू लागली, नजर एकाएकी उतरली, किंवा मधुमेह असून वर्षभरात डोळे तपासले नसले, तर संगणकाची कळ सोडून आधी नेत्रवैद्याचे दार गाठावे. काचबिंदूने ज्यांचे दृष्टिक्षेत्र अरुंद झाले आहे, त्यांना तर फार मोठे अक्षर उलट अडचणीचे होते. नजरेच्या खिडकीत एकेकच अक्षर मावते. त्यांनी आकारापेक्षा काळ्यापांढऱ्याचा ठळकपणा वाढवून पाहावा. आणि दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारांनो, खालच्या भिंगातून पडदा पाहण्यासाठी आपण हनुवटी वर करून बसतो, त्याने मान दुखते. पडदा हातभर अंतरावर असतो. त्या अंतराचा निराळा नंबर वैद्य काढून देतात. मी तो काढून घेतला, पण चष्मा हरवण्याचे प्रमाण त्यामुळे दुप्पट झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्या अर्जाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. सहाव्या खेपेला मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, मला हे दिसत नाही, मोठे कर." त्याने दोनदा कळ दाबली. तीनाचा आठ झालेला मी स्वतः पाहिला, वडिलांच्या नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ करून घेतला, आणि मगच 'बरोबर' म्हटले. आमच्या मागे रांगेत उभे असलेले पांढुर्ण्याचे एक संत्रा बागायतदार ते पाहत होते. त्यांची पाळी आली तेव्हा खुर्चीवर बसण्याआधीच ते म्हणाले, "मलाही गुरुजींसारखेच करून द्या."

घरी आता रोज संध्याकाळी एक खटका उडतो. नात अभ्यासाला बसली की, "आजोबा, एवढाली अक्षरे!" असे म्हणून कंट्रोल आणि शून्य दाबते. ती उठून गेली की मी पुन्हा चार पायऱ्या चढतो आणि नागपूरचे वर्तमानपत्र उघडतो.