शंभरांत किती?



आज आम्ही तुम्हाला अरब देशांतल्या मुलांची हकिगत सांगणार आहोत. ते देश आपल्याला अगदीच परके नाहीत. कोकणातली कितीतरी माणसे पोटासाठी कतारला, कुवेतला गेलेली आहेत.

काही मुलांचे चित्त एका जागी ठरतच नाही. धडा सुरू झाला की नजर खिडकीबाहेर. बसवले की उठतात. सगळीच मुले थोडीफार अशी असतात म्हणा! पण हे घरीही आणि शाळेतही महिनोन् महिने चालले, त्यापायी मुलाचे शिकणेच अडले, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. एडीएचडी हे त्याचे नाव.

अरबांत अशी मुले किती? कतारमधल्या प्राथमिक शाळांची एक पाहणी २००६ साली छापून आली. शिक्षकांकडून प्रश्नांचे कागद भरून घेतले होते. त्यावरून शंभर मुलग्यांत सुमारे १४ आणि शंभर मुलींत सुमारे ४ निघाल्या. मुली कमी, यातही एक गोम आहे. मुलगा बाकावर चढतो, तो दिसतो. मुलगी गप्प बसून कुठेतरी हरवते. तिची तक्रार कोण करणार?

मग अरब मुलेच जास्त चंचल का? थांबा. २००९ साली निरनिराळ्या अरब देशांतल्या पाहण्या ताडून पाहिल्या गेल्या. जिथे शाळेत कागद भरून घेतले, तिथे शेकडा ५ ते १५ मुले निघाली. जिथे नीट मुलाखत घेऊन विकार ठरवला, तिथे शेकडा १ सुद्धा भरली नाहीत! चाळणीची भोके मोठी असली, की पिठाबरोबर कोंडाही खाली पडतो, तसेच हे. साऱ्या जगाचा अंदाज २००७ साली निघाला होता, तो शेकडा ५ च्या आसपास. अरब मुले जगावेगळी नाहीत, असेच ताडून पाहणाऱ्यांना दिसले.

अशा मुलाला लोक द्वाड म्हणतात, आईच्या लाडाला बोल लावतात. विकार बराचसा रक्तातून येतो, त्यात आईचा काय दोष? आमच्यातल्याच एकाने लहानपणी वर्गात अंगठे धरून किती दिवस काढले! त्याचे चित्त काही ठरले नाही. जाणता डॉक्टर आधी मुलाचे कान-डोळे तपासतो. मग घरी कसे, शाळेत कसे, ते विचारतो. आईबापांना मुलाला कसे वागवावे ते शिकवतो, आणि गरज पडली तर औषध देतो.