नव्या कोचचा पहिला महिना कसा वाचायचा?



इंदूर, बडोदा, हुबळी, हैदराबाद, कुठून कुठून तुम्ही हे ऐकत असाल. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. पण एखाद्या माणसानं नवं काम हाती घेतलं आणि महिनाभरात अपयश दिसू लागलं, तर त्याला वेळ द्यायचा की निरोप द्यायचा, हा प्रश्न तर आपल्या शाळेत, कचेरीत, क्लबात रोजचा आहे. आज त्या प्रश्नाचं एक स्वच्छ उदाहरण घेऊ. स्वच्छ अशासाठी, की कॉलेज तेच, शहर तेच, मैदान तेच. कोच दोन. दोघांचीही सुरुवात फसवी.

आधी थोडी ओळख. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा झाली, तर बघायला खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक. तिथं तसं नाही. अमेरिकेत वरच्या गटात साडेतीनशेहून अधिक कॉलेजं खेळतात. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, प्रत्येक संघ साधारण तीस सामने खेळतो आणि मार्चमध्ये ६८ संघांची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा होते. त्या ६८ मध्ये नाव येणं हेच बहुतेकांचं वर्षाचं ध्येय.

आपलं कॉलेज आहे केंटकी राज्यातलं लुईव्हिल. या शहरात एनबीएचा संघ नाही. त्यामुळे शहराचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. २२ हजार माणसं बसतील एवढं बंदिस्त क्रीडागृह आहे. १९८० आणि १९८६ मध्ये हे राष्ट्रीय विजेते होते. २०१३ मध्येही जिंकले, पण गैरप्रकारांच्या चौकशीनंतर ते विजेतेपद रद्द झालं. त्यानंतर आणखी एक चौकशी लागली आणि ती कित्येक वर्षं डोक्यावर टांगती राहिली. शिक्षा काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही, मग चांगला खेळाडू कशाला येईल? २०२१–२२ च्या हंगामात कोच मध्येच गेले आणि संघ १३ सामने जिंकून १९ हरला.

अशा वेळी मार्च २०२२ मध्ये केनी पेन कोच झाले. १९८६ च्या विजेत्या संघात ते स्वतः खेळले होते. मोठमोठ्या संघांत सहायक म्हणून नाव कमावलेलं, मात्र मुख्य कोच म्हणून हे पहिलंच काम. घरचा माणूस घरी आला म्हणून गाव खूश होतं.

९ नोव्हेंबर २०२२. पहिला सामना बेलार्मिनशी. बेलार्मिन त्याच शहरातलं छोटं कॉलेज, वरच्या गटात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. निकाल ६७–६६, लुईव्हिल एका गुणानं हरलं. तीन दिवसांनी राइट स्टेटनं अगदी शेवटच्या क्षणी बास्केट करून ७३–७२ नं हरवलं. आणखी तीन दिवसांनी ॲपलॅचियन स्टेटकडून हार, ६१–६०. तीन सामने, तिन्ही घरच्या मैदानावर, तिन्ही एकेका गुणानं.

अमेरिकेतले संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाच-सहाला लागतात. मी ते बघत होतो. तिसऱ्या सामन्यानंतर एका मित्राला मी मोठ्या खात्रीनं म्हणालो, “नशीब फुटकं आहे बिचाऱ्याचं. तिन्ही सामन्यांत मिळून तीन गुणांचा फरक. दोन-तीन बास्केट इकडचे तिकडे झाले असते, तर आज ३–० असते.”

हिशेब बरोबर होता. निष्कर्ष साफ चुकला होता.

पुढचे सहा सामनेही लुईव्हिल हरलं. तेही कसं? अर्कान्सासकडून २६ गुणांनी, टेक्सस टेककडून ३२ गुणांनी. त्या सामन्यात ४० मिनिटांत लुईव्हिलचे गुण होते फक्त ३८. सहापैकी सर्वांत कमी फरकाचा पराभव १९ गुणांचा. पहिला विजय मिळाला तो डिसेंबरच्या मध्यावर, ०–९ झाल्यानंतर. हंगाम संपला ४–२८ वर. दुसऱ्या वर्षी ८–२४. मार्च २०२४ मध्ये पेन यांना जावं लागलं.

माझं कुठं चुकलं? मी “एका गुणानं हरले” एवढंच बघितलं, “कुणाशी आणि कुठं” हे बघितलंच नाही. लुईव्हिलसारख्या कॉलेजनं या तिघांना घरच्या मैदानावर सहज हरवावं अशी अपेक्षा असते. त्या तिघांपैकी एकही संघ त्या वर्षी ६८ च्या यादीत पोहोचला नाही. ज्याला दहा गुणांनी हरवायचं त्याच्याशी एका गुणानं हरलात, म्हणजे तुम्ही एका गुणानं नाही, अकरा गुणांनी कमी पडलात. हे एकदा झालं तर योगायोग म्हणू. आठवडाभरात तीनदा झालं तर ती तुमची खरी पातळी आहे. पुढचे संघ बलाढ्य होते, म्हणून तीच पातळी २५–३० गुणांच्या फरकात दिसली. संघ बदलला नव्हता, समोरचा बदलला होता.

आता दुसरी सुरुवात बघा.

पेन यांच्यानंतर चार्ल्सटनच्या कॉलेजातून पॅट केल्सी आले. जुने खेळाडू पांगले होते. केल्सींनी दुसऱ्या कॉलेजांतून खेळाडू आणून जवळजवळ सगळा संघ नव्यानं उभा केला. २०२४ च्या नोव्हेंबरात दुसऱ्याच सामन्यात टेनेसीनं त्यांना त्यांच्याच मैदानावर २२ गुणांनी हरवलं. पुढं ओल मिसनं २३ गुणांनी. कोरेन जॉन्सन हा गार्ड सुरुवातीलाच जायबंदी झाला, तर कासियन प्रायर हा महत्त्वाचा खेळाडू बहामासच्या स्पर्धेत गुडघा दुखावून वर्षभरासाठी बाहेर गेला. मग ड्यूककडून हार, आणि डिसेंबरच्या मध्यावर शेजारच्या केंटकीकडून हार. अकरा सामन्यांनंतर आकडा होता ६–५.

लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. कोच बदलला, खेळाडू बदलले, आणि फरक काय पडला?

पण तोच प्रश्न विचारा: हरले कुणाशी? टेनेसी, ओक्लाहोमा, ओल मिस, ड्यूक, केंटकी. हे पाचही संघ त्या वर्षी ६८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत होते आणि ड्यूक तर शेवटच्या चौघांत. दुसरीकडे, क्रमवारीत चौदाव्या असलेल्या इंडियानाला लुईव्हिलनं २८ गुणांनी हरवलं होतं. म्हणजे ६–५ या आकड्याच्या पोटात एक चांगला संघ लपलेला होता. पुढं काय झालं? लागोपाठ दहा विजय. आपल्या परिषदेत २० पैकी १८ सामने जिंकले. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत क्रेटनकडून हरले खरे, पण शेवटचा आकडा २७–८. जी सुरुवात कमनशिबी वाटली ती खरंच वाईट होती, आणि जी सुमार वाटली ती चांगली होती.

मग पहिल्या महिन्यात बघायचं काय? मी स्वतःसाठी चार गोष्टी ठरवल्या आहेत.

पहिली, अपेक्षेशी तुलना. प्रत्येक निकालाला विचारायचं, या प्रतिस्पर्ध्याशी या मैदानावर किती फरकाची अपेक्षा होती? केन पोमेरॉय यांच्यासारखे आकडेतज्ज्ञ हेच करतात. शिवाय ते हंगामाच्या आधीचा अंदाज लगेच फेकून देत नाहीत. सामने वाढतील तसं त्याचं वजन हळूहळू कमी करतात. आपण मात्र दोन सामन्यांत सगळं विसरतो.

दुसरी, नेमबाजीचा चढउतार बाजूला ठेवा. समजा एक संघ तीन गुणांचे शॉट ३५ टक्के घालतो. वीस शॉटमध्ये सात पडायला हवेत. पण एखाद्या रात्री चार पडले तरी नवल नाही, दहा पडले तरी नवल नाही. चार आणि दहा यांत १८ गुणांचा फरक आहे! कोचनं काहीही न करता सामना फिरतो. म्हणून शॉट पडला का, यापेक्षा शॉट कसा मिळाला ते बघा. मोकळ्या जागेत, पासमधून मिळाला, की घड्याळ संपत आलं म्हणून अंगावर माणूस असताना फेकला?

तिसरी, चेंडू कोण सांभाळतं? पासिंग आणि चेंडू गमावणं या सवयी आहेत, त्या नेमबाजीपेक्षा लवकर खरं बोलतात. पेन यांच्या पहिल्या संघात चेंडू नीट हाताळणारा खराखुरा गार्ड जेमतेम एक, एल एलिस. बास्केटला नेणारे पास कमी आणि गमावलेले चेंडू जास्त, असं त्या संघाचं गणित होतं. ते पहिल्या आठवड्यातही दिसत होतं, पण मी धावफलकाकडे बघत बसलो. केल्सींनी विस्कॉन्सिनहून चकी हेपबर्नला आणलं. आक्रमणाची सूत्रं त्याच्याकडे, आणि वर्षअखेरीस परिषदेतला सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला.

चौथी गोष्ट आकड्यांत सापडत नाही. तीच चूक नोव्हेंबरात होती आणि डिसेंबरातही आहे का? चेंडू गमावल्यावर पाचही जण मागे धावतात का? पंधरा गुणांनी मागे असताना, पस्तिसाव्या मिनिटाला, बाकावरची पोरं उभी असतात की टॉवेलात तोंड घालून बसलेली?

आता तुम्ही म्हणाल, हे ठीक, पण काही कोचना खरंच वेळ लागतो. लागतो. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण ड्यूकमध्येच आहे. १९८० मध्ये माइक शशेव्हस्की तिथं आले. पहिलं वर्ष १७–१३, दुसरं १०–१७, तिसरं ११–१७. तिसऱ्या वर्षाचा शेवट व्हर्जिनियाकडून १०९–६६ अशा दारुण पराभवानं झाला. माजी विद्यार्थी त्यांना काढायला निघाले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी जानेवारी १९८४ मध्ये उलट त्यांचा करार वाढवला. पुढं पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणि सगळ्या कारकिर्दीत मिळून १२०० हून अधिक विजय.

ही गोष्ट “धीर धरा” एवढ्यावर संपवायची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. त्या ११–१७ च्या संघात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन ही चार पहिल्या वर्षाची पोरं होती. अनुभवी संघांसमोर ती मार खात होती. तीच पोरं शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा, १९८६ मध्ये, ड्यूकनं ३७ सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. तिथं त्यांना तीन गुणांनी हरवलं कुणी? लुईव्हिलनं. केनी पेन होते त्याच संघानं! म्हणजे बटर्स यांचा धीर आंधळा नव्हता. पराभवाच्या आत काय वाढतंय ते समोर दिसत होतं.

आणि एक फरक लक्षात घ्या. त्या काळी खेळाडूनं कॉलेज बदललं तर एक वर्ष बसून राहावं लागे. २०२१ पासून एकदा बदलून लगेच खेळता येतं, २०२४ पासून तर कितीही वेळा. याचे दोन अर्थ निघतात. केल्सींसारखा कोच एका उन्हाळ्यात संघ उभा करू शकतो, म्हणून “मला वारसाच वाईट मिळाला” ही सबब पूर्वीइतकी टिकत नाही. पण उलटही खरं आहे. आजच्या काळात त्या ११–१७ नंतर चार पोरांपैकी दोन दुसरीकडे गेली असती, तर १९८६ उजाडलंच नसतं.

केनी पेन यांच्याबद्दल एक बोलायला हवं. पहिल्या हंगामात चौकशीचं सावट त्यांनी ओढवलेलं नव्हतं. सावट दूर झालं ते पहिल्या सामन्याच्या काही दिवस आधी, तोवर संघ ठरून गेला होता. पहिल्या वर्षाचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणं अन्याय होता. पण दुसऱ्या वर्षी त्याच चुका तशाच राहिल्या, तेव्हा निर्णय झाला तो बरोबर झाला. माणूस चांगला, गावाचा लाडका, आणि कामाला अपुरा. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि जवळच्या माणसाबद्दल हे म्हणणंच आपल्याला सर्वांत जड जातं.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी नवं काम हाती घेतलेलं असेल, शाळेच्या कबड्डी संघाचा कोच असो की शाखेचा नवा व्यवस्थापक, आणि पहिला महिना वाईट गेला असेल, तर निकालाच्या तक्त्याआधी दोन प्रश्न विचारा. हे हरले ते कुणाशी? आणि जी चूक पहिल्या दिवशी होती, ती तिसाव्या दिवशी थोडी तरी कमी झाली का? उत्तर “हो” असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहा, गाव काहीही म्हणो. “नाही” असेल, तर “नशीब फुटकं” म्हणून त्याची समजूत घालू नका. मी तीच चूक केली होती.

भेटू पुढच्या भागात.