अंजनीच्या नावाचे फूल



श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकेश्वरी भाविकांची दाटी होते. नाशिकहून येताना वाटेत अंजनेरी पर्वत लागतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून श्रद्धेने पूजिल्या जाणाऱ्या या पर्वतावर पावसाळ्यात गवतातून एक लहानसे कंदयुक्त रोपटे वर येते. त्याचे शास्त्रीय नाव ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. युगानुयुगे फुलणाऱ्या या वनस्पतीची विज्ञानाच्या दप्तरी नोंद झाली ती २००६ साली. मालपुरे, कांबळे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव यांनी तिचे वर्णन ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

नामकरणाचा हा संस्कार सोपा नाही. ज्ञात भाईबंदांशी रोपाची तुलना करावी लागते. वाळवलेला एक नमुना ‘प्ररूप’ म्हणून वनस्पतिसंग्रहात कायमचा जतन करावा लागतो. २०११ अखेरपर्यंत लॅटिन वर्णन बंधनकारक होते. नावातील पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. येथे दुसऱ्या पदातून अंजनेरीचे नाव जगभर पोहोचले.

पहिल्या पदामागेही भारतीय परंपरा उभी आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी विद्वान यांच्या ज्ञानाचा त्याला आधार होता. त्यातील एका वेलीच्या चित्रावरून लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीतील एका जातीला नाव दिले. मराठी मुलखात याच कुटुंबाला खरपुडी किंवा कंदीलपुष्प म्हणतात.

वर्गीकरण मात्र स्थिर नसते. पूर्वी ही वनस्पती रुई कुळात गणली जाई; जनुकीय अभ्यासानंतर ते कुळच करवीर कुळात समाविष्ट झाले. प्ररूपाशी बांधलेले नाव टिकले.

नाव मिळाले म्हणजे रक्षण झाले, असे नव्हे. परंतु निनावी वनस्पतीसाठी कायद्याचे दार ठोठावता येत नाही. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तरीही खरपुडीचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि कंद गेला की पुढच्या पावसाळ्यातील फूलही गेले. या फुलांचे परागण चिमुकल्या माश्या करतात. फुलाच्या नळीतील केस त्यांना काही काळ अडकवून ठेवतात आणि केस सुकले की सोडून देतात. वणव्याने किंवा पायदळी तुडवून ही नाजूक साखळी तुटली, तर उरेल ते केवळ संग्रहातील वाळलेले रोप.

म्हणून अंजनीमातेच्या दर्शनास जाणाऱ्याने पायवाट सोडू नये, काडी पेटवू नये, कंद उकरू नये. मुलांना फूल दाखवावे, त्याचे नाव सांगावे, आणि ते तेथेच राहू द्यावे.